चेनकव्हरवर माझं नाव

परवा खंडेनवमीला भाचा आला तो सायकल घेऊनच. माझ्या नातीसाठी. गुलाबी रंगाची, हँडलला दोन्हीकडं झिरमिळ्या, सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. नात घरभर नाचायला लागली. सून म्हणाली, "आई, बघा तरी किती छान आहे." मी बघितली. भाच्याला म्हणाले, "बस. पाणी पी." आणि आत जाऊन चष्मा शोधायला लागले. सायकल बघायला मला चष्मा लागत नाही, लांबचं अजून स्वच्छ दिसतं. चष्मा लागतो तो वाचायला.

आश्विन लागला की आमच्या सांगलीत गल्लोगल्ली ऑइलपेंटचा वास सुटतो. कुणी खिडकीचे गज रंगवतं, कुणी फाटक, कुणी दुकानाची पत्र्याची पाटी. पावसाळ्यात गंजलेलं सगळं लोक दिवाळीच्या आत झाकून घेतात. बाकीच्यांना त्या वासानं फराळ आठवत असेल. मला घेवड्याचं भुस्कट आठवतं. रंगाचा वास नाकात शिरला की मागोमाग भुस्कट आलंच, आणि घसा खवखवायला लागतो. डॉक्टर म्हणाला, ॲलर्जी आहे. असेल. त्याला बाकीचं सांगत बसायला मला वेळ नव्हता, आणि त्याला ऐकायला नव्हता.

माझं माहेर कोरेगावच्या अंगाला. तिकडं पावसाळ्यात घेवडा करतात. दाणा लालसर, अंगावर पट्टे, म्हणून त्याला वाघ्या म्हणतात. घट बसायच्या सुमाराला झाडं उपटून अंगणात वाळत घालायची. पावसानंतरचं ते ऊन फार कडक. दुपारी सगळं गाव गप्प असतं आणि अंगणात शेंगा आपोआप तडकत असतात, टक्, टक्. दाणे उडून उंबऱ्यापर्यंत येतात. अनवाणी पायाखाली आले की माणूस सरकन घसरतं. मग काठीनं बडवायचं, सुपानं उधळायचं. भुस्कट वाऱ्यावर जातं आणि मिळेल तिथं बसतं. केसांत, पाण्याच्या हंड्यावर, भाकरीच्या पिठात. आम्ही लहान होतो तेव्हा त्या दिवसांत भाकरी खाताना दाताखाली कचकच लागायची आणि आबा म्हणायचे, "खा गुमान. आपल्याच रानातलं हाय."

आबा म्हणजे माझे वडील. सायकल त्यांची. काळी, जड, मागं लोखंडी कॅरेज. मिलिटरीतून सुट्टीवर आलेल्या कुणाकडून तरी त्यांनी ती जुनीच घेतली होती. चेनकव्हरवर कोरेगावच्या पेंटरकडून पांढऱ्या अक्षरांत आपलं नाव घालून घेतलं होतं, 'ज्ञानदेव'. मी चौथीपर्यंत शिकले. शाळेत घालायच्या आधी आबांनी मला अक्षरं दाखवली ती त्या चेनकव्हरवर. 'ज्ञ' सारखं अवघड अक्षर मला सगळ्यात आधी आलं. बाईंनी पाटीवर 'ग' काढायला सांगितला तर मी 'ज्ञ' काढून दाखवला. मार बसला.

ही गोष्ट आणीबाणी उठली त्या सालची. आबा त्याच्या आधीच्या थंडीत गेले होते. आई तर माझ्या लग्नाआधीच गेलेली. मागं आम्ही दोघंच, मी आणि माझा धाकटा भाऊ सदा. माझं लग्न होऊन मी माधवनगरला. माझे मालक तिथल्या एका सूतगिरणीत कामाला होते. आमची चाळीत एक खोली, पोरगा कडेवरचा. एरवी माहेरी जाणं दिवाळीत, भाऊबीज झाली की परत. त्या साली सदाचा निरोप आला, आक्काला घट बसायलाच पाठवा, दसरा करून जाईल. लग्न झाल्यापासून एवढ्या दिवसांचं आवतण पहिल्यांदाच आलं. मालक म्हणाले, "बाप गेल्यावर भावाला बहिणीची किंमत कळली बघ." मी म्हणाले, "कळायचीच."

गेले. सदा कोरेगाव स्टेशनवर न्यायला आला होता. तेही पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी त्यानं गोठ्यातून आबांची सायकल ओढून बाहेर काढली. वर्षभर तिच्या हँडलवर कोंबड्या बसत होत्या. सगळीकडं गंज, चेन आखडलेली, सीट फाटून आतली स्प्रिंग वर आलेली. अंगणाच्या कडेला तिला उलटी उभी केली आणि म्हणाला, "आक्का, ही तुला."

"मला? मी काय करू सायकल घेऊन?"

"तू भाजी इकतीस न्हवं? सांगलीच्या मंडईतनं डोक्यावर पाटी आणतीस. मान मोडून जाईल एक दिवस. ह्याच्यावर पोतं टाकायचं आन् ढकलत न्यायचं. रंगवून देतो. नव्यावानी करून देतो."

खरं होतं ते. मी डोक्यावर पाटी आणत होते आणि मान दुखत होती. ही गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. त्याला आपली आपण कळली, याचंच मला केवढं वाटलं.

"आन् तू कशावर जाशील रं कोरेगावला?"

"मला काय धाड भरलीय? चालतोय की."

मग आम्ही दोघं गंज काढायला बसलो. रॉकेलचं फडकं फिरवायचं, मग पॉलिश पेपरनं घासायचं. लोखंडाचा तो वास बोटांना चिकटतो, साबणानं जात नाही. सदाची बायको सुमन पलीकडं घेवडा बडवत होती. मधूनच म्हणायची, "वन्सं, हात काळं हुत्यात, ऱ्हाऊ द्या की." पण मला ते काम सोडवत नव्हतं. लहानपणी सदा नि मी असेच आबांच्या हाताखाली बसायचो. तो पुढच्या चाकाचा चिमटा घासत होता, मी मागचा मडगार्ड. उन्हं पाठीवर. घासण्याचा आवाज आणि शेंगा तडकण्याचा आवाज. माणूस अशा वेळी बोलतं. मी बोलले.

आमच्या विहिरीशेजारी चिंचेखाली जमिनीची एक पट्टी होती. खडकाळ, उतरती, कुणाच्या डोळ्यात न भरणारी. आबा आजारी असताना आम्हा दोघांच्या समोर म्हणाले होते, "ती पट्टी हौसाची. तिला वाटंल तवा तिनं तिथं घर घालावं." सदा तेव्हा मान हलवून "व्हय आबा" म्हणाला होता. त्याच पट्टीचं मी काढलं.

"सदा, गिरणीचं काय खरं न्हाई बघ. एक पाळी बंदच केलीया. मालक म्हणत्यात, पुढंमागं गावाकडंच जाऊ. चिंचेखाली एक खोली घालू, एक म्हस बांधू. माझी भाजी कोरेगावच्या बाजाराला नेता येईल. तुला काय तरास न्हाई व्हायचा."

त्याचा हात थांबला. अगदी क्षणभर. मग पुन्हा घासायला लागला, आधीपेक्षा जोरात.

"बघू की, आक्का," म्हणाला.

'बघू की' याचा अर्थ मी 'होय' असा घेतला. आबा तसाच घ्यायचे.

पुढं चेनकव्हर आलं. मी म्हणाले, "नाव राहू दे. तेवढं सोडून रंग दे." सदा हसला. "आता तुझी सायकल, आक्का. आबांचं नाव कशाला? तुझं घालू." आणि त्यानं पॉलिश पेपर घेतला. आधी 'व' गेला, मग 'दे', मग 'न'. 'ज्ञ' जरा वेळ टिकला, त्याचा रंग जाड बसला होता. मला आत कुठंतरी टोचलं. पण 'तुझं घालू' या शब्दांनी ते टोचणं बुजलं. माझं नाव! माझं नाव शाळा सुटल्यापासून रेशनकार्डाखेरीज कुठंही लिहिलेलं नव्हतं, आणि तिथंही आधी मालकांचं, मग माझं.

रंग निळा आणला. बैलगाडीच्या चाकांना आणलेला उरला होता तो. मी म्हणाले, "दोन दिवस थांब. मळणी हुं दे. भुस्कट बसंल रंगावर. आन् खाली अस्तर दे की आधी." आबांबरोबर गाडी रंगवताना मी हे बघितलेलं होतं. लाल अस्तर दिल्याशिवाय लोखंडावर रंग धरत नाही.

"थांबायला येळ कुठंय, आक्का?"

मला वाटलं, खंडेनवमीची घाई असेल. हत्यारं, अवजारं, गाड्या त्या दिवशी पुजायच्या असतात. तर रंग दिला. पलीकडं सुमन सुपानं उधळते आहे आणि इकडं ओला निळा रंग उन्हात चकाकतो आहे. व्हायचं तेच झालं. भुस्कट येऊन बसलं. मी नखानं एक कण काढायला गेले तर रंग ओरखडला. सदा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. लांबनं दिसत न्हाई." खरंच लांबून दिसत नव्हतं. हात फिरवला की लागायचं, मांजराच्या जिभेसारखं.

चेनकव्हर तेवढं काढून तो कोरेगावच्या पेंटरकडं घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला. पिवळ्या अक्षरांत, खाली लाल सावली काढून, नाव घातलेलं. 'सौ. हौसाबाई, माधवनगर.' अक्षरं इतकी देखणी की मी बोट न लावता वाचलं, दोनदा. मी विचारलं, "माधवनगर कशाला घातलंस?" तर म्हणाला, "चोरीला गेली तर कळायला नको का कुठली हाय ते?"

खंडेनवमीला तिची पूजा केली. कोयता, कुऱ्हाड, पाभर आणि माझी सायकल. झेंडूची माळ हँडलला. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. "काय बाई नशीब! भावानं सायकल दिली, नाव घालून दिली." मी पदर सावरत उभी. माझ्या अंगावरची साडी जुनीच होती, पण मी त्या दिवशी जशी उभी राहिले तशी माझ्या लग्नातही उभी राहिले नव्हते.

दसऱ्याच्या सकाळी मी विहिरीकडं गेले. चिंच चांगली वाढली होती. पट्टीच्या वरच्या अंगाला चुना लावलेला एक नवा दगड पुरला होता, पुढं थोड्या अंतरावर दुसरा. घरी येऊन सदाला विचारलं, "ते दगड कसलं रं?" आपट्याची पानं देवाजवळ मांडत म्हणाला, "सरकारचं. काय तरी मोजत्यात." आणि पहिलं सोनं माझ्याच हातात दिलं.

दसऱ्यानंतरचा दिवस. सदा म्हणाला, "चल आक्का, कोरेगावला जाऊन येऊ. सायकल पळवून बघू, कुरकुरती का." पोराला सुमनकडं ठेवलं. सुमन दारात उभी राहिली. म्हणाली, "वन्सं, आज नका जाऊ. ऊन लय हाय."

"ऊन काय नवं हाय व्हय गं?" म्हणून मी कॅरेजवर बसले.

ती बाई तेवढंच बोलू शकत होती, तेवढं ती बोलली. हे मला कळायला फार दिवस लागले. त्या घरात माझ्या बाजूनं निघालेलं ते एकच वाक्य.

रस्ता उताराचा होता. भावाच्या मागं कॅरेजवर बसून मी तिशीच्या आत-बाहेरची बाई, पाय लोंबकळत ठेवून, वारा खात चालले होते. कडेला कुणाकुणाची शाळूची पेरणी चाललेली. ताज्या रंगाचा वास येत होता. खोटं कशाला बोलू, मी सुखात होते. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

बाजारपेठ आली, त्यानं सायकल थांबवली नाही. कचेरीपुढं थांबवली. स्टँडवर उभी केली ती दाराच्या अगदी समोर, चेनकव्हरची बाजू दाराकडं करून. आत बाकावर आमच्या गावचे दोन म्हातारे आधीच येऊन बसले होते, स्वच्छ टोप्या घालून. त्यातले गणूतात्या आमच्या भावकीतलेच. म्हणाले, "आलीस का पोरी? ये, बस."

पंख्याखाली बसलेल्या कारकुनानं कागद पुढं केला. सदा म्हणाला, "तुझी सही लागतीय आक्का. सातबाऱ्यावरचं आबांचं नाव कमी करून माझं लावायचं हाय. तुझा हक्क सोडल्याचा कागद हाय."

हे मला नवं नव्हतं. आमच्याकडं बाप गेल्यावर बहिणी असं लिहून देतात. साडीचोळी घेतात आणि देतात. सही न दिलेली बहीण मी त्या भागात तरी ऐकली नव्हती. दिली नाही तर माहेरचं दार बंद, इतकं साधं होतं. पण कागद मी वाचला. सगळा वाचला, मोठ्यानं वाचला, चौथीत वाचायचो तसा. गट नंबर सगळे होते. विहिरीजवळची पट्टीही होती.

"सदा, चिंचेखालची पट्टी ह्यात कशी?"

गणूतात्या बोलले, "अगं, एकत्रच असतंय ते. भाऊ काय परका हाय?"

कारकून बिचारा त्याचं काम करत होता. त्याला हे विचारावंच लागत असणार. म्हणाला, "बाई, राजीखुशीनं देताय ना? तुम्हाला काही मिळालं का?"

आणि माझ्या मागून सदा म्हणाला, "सायकल दिलीया की. नवी करून. नाव घालून दिलीया, ती काय दारात उभी हाय. बघा."

सगळ्यांनी माना वळवून दाराबाहेर बघितलं. कारकुनानं बघितलं, दोघा म्हाताऱ्यांनी बघितलं, बाहेर उभ्या असलेल्या कुणाकुणा परक्या माणसांनी बघितलं. मीही बघितलं. उन्हात निळी सायकल चमकत होती आणि माझं नाव पिवळंधमक, लांबून वाचता येईल असं. सौ. हौसाबाई, माधवनगर. तेव्हा मला ते नीट वाचता आलं. सौ., म्हणजे दुसऱ्याच्या घरची. माधवनगर, म्हणजे इथली नव्हे.

"वा! नशीबवान आहात बाई," कारकून म्हणाला आणि शाईचा पॅड पुढं सरकवला.

"अंगठा नको," मी म्हणाले. "मला सही येते."

केली. का केली असं पुष्कळांनी नंतर विचारलं. त्यांनी त्या खोलीत उभं राहून बघावं. खंडेनवमीला साऱ्या गल्लीनं बघितलेलं, नाव घातलेलं, पुजलेलं घेऊन बसल्यावर बाई काय तोंडानं 'नाही' म्हणणार? सदानं सगळं बरोबर केलं होतं. साडी दिली असती तर मी ती ट्रंकेत ठेवून विसरले असते. त्यानं मला माझं नाव दिलं.

बाहेर येऊन सगळ्यांनी चहा घेतला. गणूतात्या बशीत चहा ओतून फुंकर मारत म्हणाले, "आता पाट यायचा आपल्या रानाच्या वरनं. पुढच्या साली भावाचा ऊस बघायला ये, पोरी. चिंचेखालच्या त्या खडकात बी ऊस उभा राहतोय बघ." आणि सदाला कोपरखळी मारली, "लई दिवस थांबून चाललं नसतं, काय रं?"

सदा बशीत बघत राहिला. मला चुना लावलेले दगड आठवले. थांबायला येळ कुठंय, आक्का.

घरी येताना मी कॅरेजवर बसले नाही. म्हणाले, चालते. तो सायकल हातात धरून माझ्या बाजूनं चालला. एवढ्या रस्त्यात एकच बोलला, "आक्का, तू रागावलीस व्हय?" मी म्हणाले, "न्हाई." तो 'बरं' म्हणाला. आमच्या दोघांत त्या विषयावर झालेलं बोलणं ते एवढंच. त्या दिवशीही आणि नंतरही.

त्या एका आठवड्यात माझ्या बापाचं नाव दोन ठिकाणचं पुसलं गेलं, चेनकव्हरवरचं आणि जमिनीवरचं. दोन्ही वेळा मी समोर होते.

सायकल गोणपाटात गुंडाळून पॅसेंजरच्या सामानाच्या डब्यात टाकली आणि मी माधवनगरला उतरले. रंग पुरता वाळलेला नव्हता. गोणपाटाचे धागे त्याला चिकटले. मालक दारात आले. सायकल बघितली, नाव वाचलं, माझं तोंड बघितलं.

"सही केलीस?"

"केली."

"पट्टी पण?"

"पट्टी पण."

त्यांनी वाकून मागचं टायर दाबून बघितलं. मग म्हणाले, "हवा कमी हाय मागच्या चाकात." आणि पंप मागायला शेजारी गेले. मला त्यांचं तेच बरं वाटलं. त्यांनी आणखी एक शब्द काढला असता तर मी त्यांच्यावरच ओरडले असते.

सायकलीवर मी राग काढला नाही. तिनं काय केलं होतं? मी तिच्यावर पोती टाकली. मेथी, कोथिंबीर, वांगी. पहाटे मंडईतून माल भरायचा आणि ढकलत माधवनगरच्या चाळींतून फिरायचं. बसायला मी कधी शिकले नाही. चाळीतल्या बायका चेनकव्हर वाचून हाक मारायच्या, "हौसाबाई आल्या का?" त्याआधी मी 'भाजीवाली' होते. हेही खरंच आहे आणि मी ते लपवत नाही. सदाच्या सायकलीनं माझा धंदा वाढला, मान वाचली. गिरणीचं पुढं जे व्हायचं ते झालं, तेव्हा त्या सायकलीवर घर चाललं. लोक म्हणतात, मग झालं की चांगलंच. मी म्हणते, चांगलं झालं ते माझ्या ढकलण्यानं झालं. त्याचा हिशोब यात घालू नका.

अस्तर नसलेला रंग टिकत नाही. दुसऱ्या पावसाळ्यातच पोपडे सुटले. भुस्कट होतं तिथून आधी सुटले, मग सगळीकडून. खालून काळा रंग दिसायला लागला, मग गंज. पण चेनकव्हरवरचं नाव जसंच्या तसं. पेंटरनं खाली अस्तर देऊन लिहिलं होतं. त्याच्या कामात खोट नव्हती. सायकलीचा रंग कसाही चालला असता, नाव मात्र टिकायला पाहिजे होतं. शेजारचे म्हणायचे, रंगवून घ्या हो एकदा, बरं दिसत नाही. मी ती पुन्हा रंगवली नाही.

पाट आला. चिंच तोडली. तिथं ऊस उभा राहिला, गणूतात्या म्हणाले तसाच. दर साली सदा गुळाची ढेप पाठवायचा आणि आम्ही खायचो. गूळ चांगला असायचा. भाऊबीजेलाही मी जात राहिले. तो पाटावर बसायचा, मी ओवाळायची. निरांजनाच्या उजेडात त्याचं तोंड दर साली थोडं थोडं म्हातारं दिसायचं. ताटात साडी ठेवायचा, मी घ्यायची. मला कधीकधी वाटायचं, आज बोलेल. 'आक्का, तेवढं मी बरं केलं न्हाई' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. नाही म्हणाला. मीही कधी काढलं नाही. माहेर राखायचं म्हणून सही दिली होती, ते मी राखलं. आतून त्यात काही राहिलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

पुष्कळदा मी हाही विचार केला आहे, त्यानं सरळ विचारलं असतं तर? गंज घासताना मी चिंचेखालच्या खोलीचं बोलले, तेव्हाच तो म्हणाला असता, "आक्का, पाट येतोय. ती पट्टी मला पाहिजे. देतीस का?" तर मी दिली असती? माहीत नाही. खरंच माहीत नाही. भांडले असते, रडले असते, कदाचित अर्धी दिली असती, कदाचित सगळी. पण ते माझं मला ठरवता आलं असतं. त्यानं पट्टी घेतली याचं दुःख मी केव्हाच पचवलं. मी त्याच्यासमोर बसून गंज घासत होते, मनातलं सगळं ओतत होते, आणि त्याचं सगळं आधीच ठरलेलं होतं, हे काही पचत नाही. त्या दुपारचं ऊन, तो शेंगांचा आवाज, लहानपणासारखं जवळ बसणं, हे सगळं त्यानं वापरलं. माझ्या आयुष्यात माहेरच्या म्हणून ज्या चांगल्या दुपारी आहेत, त्यात ती सगळ्यात चांगली होती. तीच नासली.

सायकल शेवटी भंगारात घातली. माझा मुलगा म्हणाला, "आई, चेनकव्हर काढून ठेवू का? नाव आहे तुझं." मी म्हणाले, "घाल त्यात."

सदा गेला त्याला आता काही वर्षं झाली. मी गावी गेले, रडले. लोकांना वाटलं, भाऊ गेला म्हणून रडते आहे. त्यासाठीही रडलेच.

आणि आता हा त्याचा मुलगा, खंडेनवमीला गुलाबी सायकल घेऊन.

पोरगं वाईट नाही. तोंड बापासारखं, हसणं सुमनसारखं. जेवताना इकडचं तिकडचं बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, "आत्ती, आपल्या उसातनं मोठा रस्ता जायचा म्हणत्यात." मोठा रस्ता म्हणजे सरकारी भरपाई, आणि भरपाई म्हणजे पुन्हा सह्या. नात बाहेर घंटी वाजवत होती.

जेवण झालं. मी चष्मा लावला आणि त्याच्यासमोर बसले.

"कुठं सही करायची ते दाव."

"कसली सही, आत्ती?"

"कागद आणला असशील की."

तो हसायला लागला. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबला. "अगं, काय कागद न्हाई. पोरीला सायकल पायजे म्हणून वहिनी फोनवर बोलली हुती, म्हणून आणली. तू काय बोलतीस, आत्ती?" खिशातून त्यानं मोबाईल काढला, किल्ल्या काढल्या, रुमाल काढला, सगळं माझ्यापुढं ठेवलं, लहान पोरासारखं. कागद नव्हता. सून माझ्याकडं रागानं बघत होती. तिचंही बरोबर आहे.

जाताना पाया पडला. मी म्हणाले, "हे बघ, कवा बी सही लागली तर आधी तोंडानं विचारायचं. देईन का न्हाई ते मी तवा ठरवीन. पण आधी विचारायचं. सायकल मागनं." तो "व्हय आत्ती" म्हणाला. त्याच्या बापानं आबांपुढं म्हटलं होतं, अगदी तसंच. म्हणजे त्यातून काहीच कळलं नाही.

कदाचित त्याच्या मनात काहीच नसेल. बिचाऱ्यानं मायेनंच आणली असेल. मला ते ओळखता येत नाही. माहेराकडून आलेली वस्तू नुसती वस्तू म्हणून घ्यायची माझी ताकद त्या कचेरीत गेली, ती परत आली नाही.

नात गल्लीत फेऱ्या मारते आहे. समोरच्या घरी फाटकाला रंग चालला आहे, तिला म्हणाले, त्याला घासून जाऊ नकोस. हात फिरवून बघितला मी त्या गुलाबी रंगावर. गुळगुळीत आहे, कुठं कणसुद्धा लागत नाही. कागद अजून आलेला नाही. चष्मा मी पुसून खिडकीत ठेवला आहे.